सुरतेच्या श्रीमंतीने जाब कोणाला द्यावा?

समाज रसातळाला चालला आहे, हे वाक्य उच्चारायला फारशी विद्वत्ता लागत नाही. शिक्षकांच्या खोलीत, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत ते सहज कानी पडते आणि ऐकणारा मान डोलावतो. पूर्वी माणसे गरीब होती पण माणुसकी होती, आता पैसा आला आणि माणुसकी गेली, असा त्याचा साधारण मथितार्थ असतो. आमच्या नंदुरबार-नवापूर भागात या विधानाला सुरतेचा पुरावा जोडण्याची पद्धत आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत. तेथून गाडीत बसले की दोन-तीन तासांत सुरत. खानदेशी माणसाची मुंबई म्हणजे सुरतच. लिंबायत, उधना, दिंडोलीत आमची निम्मी नातीगोती आहेत. तेव्हा सुरतेचे पाहून समाजाविषयी मत बनवायला हरकत नाही. मात्र नीट पाहावे.

पूर्वीचा समाज बरा होता काय, हे पूर्वीच्या गरिबाला विचारले पाहिजे. आपण ते पूर्वीच्या खात्यापित्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारतो आणि तेथेच फसतो. सुरत जिल्ह्याच्या खेड्यांत शंभर वर्षांपूर्वी हाळी नावाची पद्धत होती. दुबळा जमातीचा तरुण लग्नासाठी गावातल्या जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्या कर्जापोटी त्याच्या शेतात राबू लागे. बायको मालकाच्या घरी शेणगोठा नि झाडलोट करी, पोर गुरे राखी. कर्ज कधी फिटावे अशी दोन्ही बाजूंना अपेक्षाच नसे. या मालकाला ‘धणियामो’ म्हणत. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६२ पासून या भागात येऊन राहिले, हिंडले, आणि त्यांनी या संबंधांवर १९७४ मध्ये ग्रंथ लिहिला. त्या बंधनात एक आधारही होता, हे त्यांनी दडवलेले नाही. आजारपणात, रिकाम्या महिन्यांत धणियामो धान्य देई. आपण ज्याला जुनी माणुसकी म्हणतो ती हीच. पण ती ज्याला सोडून जाता येत नव्हते त्याच्यासाठी राखून ठेवलेली माणुसकी होती. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाने साऱ्या देशाला स्फूर्ती दिली. तो लढा सारावाढीविरुद्ध होता, जमीन ज्यांच्या नावे होती त्यांचा होता. त्यांच्या शेतात राबणाऱ्या हाळीची सुटका ही काही त्याची मागणी नव्हती. पुढे गांधीजींनी या जमातीला ‘हळपती’ हे मानाचे नाव दिले, वेडछीच्या आश्रमातून जुगतराम दवे यांनी त्यांच्यात जन्मभर काम केले, आणि १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. हाळीच्या नातवाला ‘जुना काळ परत आणू का?’ असे विचारून पाहावे. उत्तरासाठी फार वेळ थांबावे लागणार नाही.

मग सारे ठीक चालले आहे, असे म्हणावे काय? आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. नीती आयोगाच्या मोजणीप्रमाणे बहुआयामी दारिद्र्यात असलेल्यांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये १५ टक्क्यांवर आले. याच मोजणीच्या पहिल्या फेरीत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक गरीब ठरले होते, हेही येथेच नमूद करतो. दुसरीकडे, जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पॅरिसमधील संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की देशातील वरच्या एक टक्का लोकांच्या हाती ४० टक्के संपत्ती आहे. म्हणजे तळही वर आला आणि शिखर त्याहून कितीतरी अधिक वर गेले. अर्थशास्त्री यावर वाद घालतात, घालोत. माझ्या मनात येतो तो प्रश्न अंतराच्या लांबीचा नाही. वरचा आणि खालचा यांच्यामध्ये आज कोण उभा आहे, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे निघण्याच्या तयारीत असतील. नवरा, बायको आणि हाताशी एखादे पोर मिळून एक ‘कोयता’ होतो. शाळेच्या हजेरीपुस्तकातून मुलाचे नाव गळते त्याच दिवशी कोयत्यात त्याची मोजदाद सुरू झालेली असते. मुकादम पावसाळ्यातच, घरात दाणा नसतो त्या वेळी, उचल देऊन गेलेला असतो. कारखाने सहकारी आहेत. १९२८ च्या सत्याग्रहींच्या नातवंडांनी पै-पै गोळा करून ते उभे केले, शेतकऱ्याला उसाचा चोख दाम दिला आणि खेड्यात पक्की घरे उभी राहिली. हे थोर काम आहे. परंतु तोडणारा त्या सहकारात बसत नाही. तो कारखान्याचा नोकर नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. एका पालकाला मी सहज विचारले, “ऊस कोणाचा तोडता?” तो म्हणाला, “मुकादमाचा, गुरुजी.” शेतमालकाचे नाव त्याला ठाऊक नव्हते. असणार कसे? आज हे शेत, उद्या ते. पालात बाळंतपण झाले, पोराच्या पायावर कोयता बसला, तर जायचे मुकादमाकडे. आणि मुकादम तरी कोण, त्याच पाड्यावरचा दोन बैलजोड्या राखून असलेला माणूस. तो खर्च उचलीत मांडतो.

हाळीला आपला धणियामो ठाऊक होता. शिव्या द्यायच्या झाल्या तरी समोर एक चेहरा होता. आज शेतकरी म्हणतो तोडणी कारखान्याची, कारखाना म्हणतो माणसे मुकादमाची, मुकादम म्हणतो मी पडलो मधला माणूस. आणि यांतला एकही खोटे बोलत नाही. पाप इतक्या बारीक वाटण्यांत विभागले गेले आहे की कोणाच्याच वाट्याला झोप उडण्याइतके येत नाही. ऱ्हास हा शब्द वापरायचाच झाला तर मी तो येथे वापरीन. अन्याय पूर्वीपेक्षा वाढला असे मला वाटत नाही. त्याचा धनी मात्र नाहीसा झाला आहे.

शहरातही हीच तऱ्हा. ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातून आलेला मागकामगार बारा तासांच्या पाळीला जातो तेव्हा त्याच्या अंथरुणावर दुसऱ्या पाळीचा कामगार येऊन झोपतो. २०२० च्या टाळेबंदीत हे लोक ‘गावी जाऊ द्या’ म्हणून सुरतेच्या रस्त्यावर आले. त्यांच्यातील पुष्कळांच्या हाती झालेल्या कामाचा पगारही पडलेला नव्हता. हिऱ्यांचे पाहा. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी नऊंना सुरतेत पैलू पडतात असे सांगतात. घंटीभोवती बसून ते पाडणाऱ्याला तेथे ‘रत्नकलाकार’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण पुष्कळ रत्नकलाकारांकडे नेमणुकीचा साधा कागद नसतो; नगावर मजुरी, नग नाही तर मजुरी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ६७ लाख चौरस फुटांचा हिरे-बाजार तेथे उभा राहिला, पेंटॅगॉनहून विस्तीर्ण म्हणून त्याची ख्याती झाली. आणि २०२४ मध्ये मंदीने हवालदिल झालेल्यांनी जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून त्याच शहरात कामगारांच्या संघटनेला मदतीचा दूरध्वनी सुरू करावा लागला.

सुरतेचा धनिक दानशूर आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तेथील इस्पितळांचा, धर्मशाळांचा लाभ आमच्या लोकांनीही घेतला आहे. दिवाळीला कामगारांना मोटारगाड्या वाटणाऱ्या हिरे व्यापाऱ्याची बातमी आपण वाचलीच असेल. या दानाची किंमत आपल्या इतिहासानेही जाणली होती. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली (हा विषय तेथील मित्रांसमोर काढताना जरा जपून काढावा लागतो!). त्या वेळी डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर महाराजांनी सोडून दिले, कारण तो हयातीत मोठा परोपकारी होता असे त्यांना समजले, अशी नोंद बर्निए या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. मात्र त्याच लुटीची दुसरी हकीकत आपण विसरतो. वीरजी व्होऱ्यासारखे कुबेर ज्या शहरात नांदत होते, त्याचा मोगल अधिकारी इनायतखान पाचशे शिपायांचा पगार खजिन्यातून घेत होता आणि शिपाई मात्र बाळगत नव्हता, असे जदुनाथ सरकार सांगतात. संकट आले तेव्हा तो किल्ल्यात जाऊन बसला. शहरात दाते होते, जबाबदार माणूस नव्हता. गांधीजींनी श्रीमंताला दाता न म्हणता विश्वस्त म्हटले, ते मला फार विचारपूर्वक वाटते. विश्वस्ताला हिशेब मागता येतो. दात्याला मागितला तर तो अपमान ठरतो.

जबाबदारी अशी वाटली गेली की ती पुन्हा गोळा करता येत नाही, असे निराश होऊन म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी सुरतेचेच उदाहरण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये, पुराचे पाणी ओसरल्यावर, शहरात प्लेग आला. पन्नासएक माणसे दगावली आणि काही लाख लोक चार दिवसांत शहर सोडून पळाले. पळणाऱ्यांत खाजगी डॉक्टरही होते. वेड रोडच्या झोपडपट्टीतली घाण ही झोपडपट्टीची बाब, असे ज्यांना वाटत होते त्यांनाही टेट्रासायक्लीनच्या गोळ्या शोधत हिंडावे लागले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी काही नवे तत्त्वज्ञान सांगितले नाही. शहराचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला पूर्ण अधिकार दिले आणि त्याने रोज सकाळी खोलीबाहेर पडून आपल्या हद्दीत फिरलेच पाहिजे असा दंडक घातला. बड्यांच्या अनधिकृत बांधकामांनाही हात घातला. अमुक गल्लीत कचरा दिसला तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरून गेले. सुरतेची माणसे तीच होती, त्यांची नीतिमत्ता एका वर्षात काही सुधारली नसेल. तरीही १९९६ मध्ये इंटॅक या संस्थेने तिला देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला.

घाण श्रीमंताच्या दारात येते म्हणून हे झाले. ऊसतोड्याच्या पोराची शाळा सुटल्याने कोणाला रोगराई होत नाही, हा फरक मला कळतो. सक्ती केली तर कारखाने तोडणीची यंत्रे आणतील, हा आक्षेपही मी ऐकला आहे. आणतीलही, पण त्या भीतीने आज जी माणसे तोडत आहेत त्यांची नोंद न ठेवणे हा काही त्यावरचा उपाय नाही. परप्रांतात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ मध्ये जो कायदा झाला त्यात ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती भरावी असे कलम होतेच. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची प्रत्येक गाडी मोजली जाते. पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, गावाचे असते, वाहनाचा क्रमांक असतो, वजन किलोपर्यंत असते. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या नावांसाठी त्या पावतीवर आणखी एक रकाना लागेल.