बेंबीची खूण

अंघोळ करताना बेंबीवर बोट गेलं, की आज क्षणभर थांबा. इथं नाळ होती. नाळेच्या टोकाला वार. वारेत एका बाजूला आईचं रक्त, दुसऱ्या बाजूला बाळाचं. मध्ये पातळ पडदा. जवळ, पण वेगळं. तरी अन्न पोहोचतं, प्राणवायू पोहोचतो. बाळाच्या रक्तातला टाकाऊ भागही आई स्वतःकडे घेते, आपल्या श्वासावाटे, मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकते. मला यातलं हे घेणंच फार मोठं वाटतं.

जवळ, पण वेगळं. आपल्याला हे जमतं का हो? माया करता करता आपण मुलांचे निर्णयही आपलेच करून टाकतो. वार मात्र भरभरून देते, आणि बाळ जन्मलं की आपण होऊन सुटते. बाळ रडतं. तो त्याचा स्वतःचा श्वास असतो.