शपथ आणि सही

शब्द मोडणारा मनुष्य आणि पूर्वीचा हट्ट चुकीचा होता असे ओळखून तो सोडणारा मनुष्य, या दोहोंत भेद कसा करावयाचा? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून हा प्रश्न सोपा वाटतो. एमन डी व्हॅलेराच्या चरित्रात तो सोपा राहत नाही.

१८८२ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेला व आयर्लंडात लिमरिक परगण्यात आजोळी वाढलेला हा गणिताचा शिक्षक, १९१६ च्या डब्लिनमधील उठावात एका तुकडीचा नायक होता. त्यास देहान्ताची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली. त्याच्या धैर्याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

६ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडशी तह झाला. आयरिश लोकसभेच्या प्रत्येक सभासदाने इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यावी, असे त्यात कलम होते. प्रजासत्ताकाशी इमान वाहिलेल्यांनी राजाचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे, हा डी व्हॅलेराचा आक्षेप. हा तह स्वातंत्र्य नव्हे, पण तेथे पोचण्याची वाट आहे, असे मायकेल कॉलिन्सचे म्हणणे. ७ जानेवारी १९२२ रोजी तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला, आणि जूनमध्ये यादवी पेटली. ऑगस्टात कॉलिन्स मारला गेला. नव्या सरकारने सत्तराहून अधिक आयरिश कैद्यांस गोळ्या घातल्या. ह्या यादवीस एकटी शपथच कारण झाली असे नव्हे, व बंडखोर सैन्याची सूत्रेही डी व्हॅलेराच्या हाती नव्हती. तथापि त्या पक्षाच्या आग्रहास मोठेपणा आला तो त्याच्या नावाने.

पुढे १९२७ च्या ऑगस्टात, शपथेस नकार देणारास निवडणुकीचेच दार बंद होणार असे दिसताच, डी व्हॅलेरा आपल्या अनुयायांसह लोकसभेत गेला. त्याने बायबल दूर सारले, वहीत सही केली, आणि आपण शपथ घेतलीच नाही, हा केवळ पोकळ उपचार आहे, असे जाहीर केले.

त्याचे फळ चांगले निघाले, हे मान्य केलेच पाहिजे. १९३२ साली मतपेटीच्या मार्गाने त्याच्या हाती सत्ता आली, १९३३ साली ती शपथच रद्द झाली आणि १९३७ साली देशास नवी राज्यघटना मिळाली. म्हणजे कॉलिन्सची वाट खरोखर वाट होती, हे तिला विरोध करणाऱ्यानेच चालून दाखविले! मग १९२७ साली जो उपचार पोकळ ठरला, तो १९२२ साली इतका भरीव का वाटावा? त्या वर्षी पुत्र गमावलेल्या मातेने हे विचारले असते, तर तिला काय उत्तर मिळाले असते?

माझ्या मते सही करण्यात डी व्हॅलेराचा दोष नव्हता. लोकहितासाठी मान वाकविणे हाही धर्म असू शकतो. दोष आहे तो, मान वाकलीच नाही असे म्हणण्यात. द्रोणवधाच्या वेळी धर्मराजाचा रथ भूमीस टेकला, तो शब्दांच्या अशाच आडोशामुळे. ‘मी शपथ घेतली, आणि पूर्वीचा माझा हट्ट महाग पडला,’ एवढे तो म्हणता, तर त्याची कीर्ती कदाचित उणावली असती. पण मेलेल्यांचे ऋण काही अंशी तरी फिटले असते.

आपणही कित्येक कागदांवर ‘नुसती सहीच तर आहे’ असे म्हणून नाव लिहितो. ते लिहिताना, त्याच सहीवरून काल आपण कोणाशी भांडलो होतो, एवढे आठवून पाहावे.