किल्ली कोणाच्या हातीं?

एखादें ओसाड घर दुरुस्त करून दारूच्या व्यसनांतून सावरणाऱ्या मनुष्यांस तेथें एकत्र राहावयास द्यावें, ही सूचना कोणासहि आवडेल. कौलें चाळावीं, भिंतींस चुना द्यावा, विहिरीचा गाळ काढावा, अशा कामास हात पुष्कळ मिळतात. परंतु खरे प्रश्न त्यापुढचे आहेत. त्या घराची किल्ली कोणाच्या हातीं असावी? आणि तेथील एखादा पुन्हा प्याला, तर काय करावें?

अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानांत सिल्व्हर स्प्रिंग येथें १९७५ सालीं अशा लोकांचें एक वसतिगृह बंद होणार होतें. तेव्हां तेथील पुरुषांनीं तें घर स्वतःच भाड्यानें घेतलें. 'ऑक्सफर्ड हाउस' या नांवानें सुरू झालेल्या या घरांत पगारी देखरेख करणारा नाहीं. भाडें सर्वांनीं वांटून भरावें, कारभार मतें घेऊन चालवावा, आणि जो पुन्हा व्यसनाकडे वळेल त्यानें ताबडतोब घर सोडावें, असे त्यांचे नियम आहेत. पुढें अशीं घरें हजारों झालीं.

शेवटचा नियम कठोर वाटतो. पडलेल्या भावास बाहेर काढणें ही दया कसली, असें कोणी विचारील. परंतु वाचकहो, शेजारच्या खाटेवर ज्यास दारू सोडून अवघा महिना झाला आहे, त्याचाहि विचार करावा. एकाच्या बाटलीनें दहा जणांचा आधार तुटतो. एकावर दया करितांना तिचें मोल दुसऱ्या दुर्बळाकडून घेणें न्याय्य नव्हे. तथापि घराबाहेर काढणें म्हणजे माणुसकीबाहेर काढणें नव्हे. ज्या रात्रीं तो बाहेर पडतो, त्या रात्रीं त्यास दवाखान्यांत नेणें, निजावयास जागा देणें, हें आपणां बाहेरच्यांचें कर्तव्य आहे. तो सावरला म्हणजे पुन्हा त्या दाराशीं जाऊन विचारूं शकतो.

किल्लीचा प्रश्न याहून नाजूक आहे. घर आम्ही दुरुस्त केलें, म्हणून तें आमच्या हुकुमांत चालावें, असें उपकार करणाऱ्यास सहज वाटतें. पण ज्याच्या हातीं कोणी पैसा देत नाहीं, ज्याचें मत कोणी विचारीत नाहीं, तो विश्वासास पात्र होण्यास शिकणार कोठें? अशा घरांत तो जन्मभर पाहुणाच राहील. भाड्याचा हिशेब चुकेल, भांडणें होतील. तीं त्यांचीं त्यांनीं मिटविण्यांतच त्यांचें बळ वाढतें.

म्हणून आमचें मत असें कीं, चुना वाळला कीं किल्ली राहणाऱ्यांच्या स्वाधीन करावी. आणि तेथून ज्यास निघावें लागेल, त्याच्यासाठीं आपल्या स्वतःच्या दाराची कडी काढून ठेवावी. पहिलें काम एकदां करून भागतें. दुसरें मात्र पुनःपुन्हां करावें लागेल.