बाग कुणाला विचारून करायची?



चर्चच्या मागची मोकळी जागा आपण सर्वजण पाहता. पावसाळ्यात तिथे कमरेइतके गवत वाढते आणि उन्हाळ्यात मुले क्रिकेट खेळतात. चेंडू बहुधा आमच्याच खिडकीवर येतो. या जागेवर बाग करावी आणि ती धर्मग्रामापुरती न ठेवता गल्लीतील सर्वांना खुली करावी, असे धर्मग्राम परिषदेच्या मागील बैठकीत ठरले. कशी करावी यावर मात्र दीड तास चर्चा झाली, चहा थंड झाला, निर्णय झाला नाही. एका सभासदांनी सरळ विचारले, "फादर, जागा आपली, पैसे आपले. मग गल्लीला कशाला विचारायचे?" त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

आधी आमची एक चूक सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी फाटकाजवळचा भाग सुधारताना आम्ही लोकांना विचारले होते. चर्चच्या दारात सूचनापेटी ठेवली, सलग चार रविवार मिस्सानंतर घोषणा केली. तीसेक चिठ्ठ्या आल्या. बहुतेकांना फुलझाडे, पेव्हिंग ब्लॉक आणि पवित्र मरियेचा ग्रोटो हवा होता, काहींना कुंपण. सगळे केले, चांगले झाले, आशीर्वादाच्या दिवशी फोटोही निघाले. या कामात कडुलिंबाखालचा जुना दगडी कट्टा काढावा लागला. त्याच्याविषयी एकाही चिठ्ठीत अवाक्षर नव्हते. पुढे काही दिवसांनी, भाजीची बुट्टी घेऊन दारोदार फिरणाऱ्या दोन-तीन मावश्या भर दुपारी कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला भाकरी खाताना दिसल्या. कित्येक वर्षे त्या त्याच कट्ट्यावर बसत होत्या. आम्हीही त्यांना रोज पाहत होतो, पण कट्टा काढताना त्यांची आठवण झाली नाही. ओशाळून आम्ही म्हणालो, "अहो, आम्ही सगळ्यांना विचारलं होतं." त्यातली वडीलधारी मावशी हसली. "पेटी ठिवलीसा व्हय चर्चमधी? आमी कवा येतोय फादर चर्चमधी?" बोलण्यात राग नव्हता. जाताना बुट्टी डोक्यावर ठेवायला तिने आम्हालाच हात लावायला सांगितला.

शहराच्या कारभारातही हेच घडते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो आणि त्यात बाग, मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ नुसार नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. त्यासाठी तीस दिवसांची मुदत असते, पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण वर्तमानपत्रातली ती नोटीस किती जण वाचतात? नकाशावरच्या रंगांचा अर्थ किती जणांना कळतो? ज्याची जमीन आरक्षणात गेली तो वकील घेऊन सुनावणीला हजर असतो. ज्या मुलांसाठी मैदान राखायचे ती त्या वेळी शाळेत असतात.

लोकांनी लक्ष घातले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. जुन्या वास्तू नकाशात नाहीत, वापर चुकीचे दाखवले आहेत, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. वसईचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. तिथला हरित पट्टा बांधकामाखाली जाऊ लागला तेव्हा दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई संरक्षण समिती' उभी केली. फादरांना अनेकजण 'सुवार्ता'चे संपादक म्हणून आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात. पण वसईच्या शेतकऱ्याला ते विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू म्हणून ठाऊक होते.

आपण कोल्हापूरकर याबाबतीत थोडे वेगळे आहोत. मोर्चा म्हटला की आपण पुढे. टोलविरोधी आंदोलन आठवा. म्हातारी माणसेही रस्त्यावर आली आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण करार होत होता तेव्हा तो वाचून आक्षेप घेणारे किती होते? झालेले मोडायला आपण हजारोंनी जमतो, होण्याआधी कागद वाचायला दहा जण बसत नाहीत. त्यात महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात गल्लीतल्या माणसाला आपली तक्रार हक्काने सांगायला नगरसेवकच नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विचारायचे कशासाठी? एक उत्तर अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात दिले आहे. घर कसे झाले हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळते, आणि जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. पांढऱ्या रश्श्याच्या गावात हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. पाणी आधी कुठल्या बोळातून आत शिरते आणि उतरताना कुठे साचून राहते, हे शुक्रवार पेठेतल्या किंवा दुधाळीतल्या जुन्या माणसाइतके कुठल्याही नकाशाला ठाऊक नसते. बाग आखणाऱ्याने त्याला विचारले नाही तर नुकसान बागेचेच.

परंतु हे उत्तर आम्हाला अपुरे वाटते. माहितीच हवी असेल तर ती न विचारताही मिळवता येईल, पाहणी करून, मोजमाप करून. मग यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आठवतो. आंधळा माणूस, वाटेवर बसून भीक मागणारा, मोठ्याने हाक मारणारा. लोक त्याला गप्प बसवत होते. प्रभू येशू थांबला, त्याला बोलावून घेतले आणि तुझ्यासाठी मी काय करावे असे विचारले. आंधळ्याला काय हवे असणार, हे त्या गर्दीतल्या लहान मुलालाही कळले असते. प्रभूला कळत नव्हते काय? तरीही त्याने विचारले, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहिली. ज्याला आतापर्यंत सगळे गप्प राहा म्हणत होते, त्याला आपली गरज आपल्या तोंडाने सांगता आली. न विचारता भले केले तर माणसाची गरज भागते, पण तो हात पसरणाराच राहतो.

यावर एक अवघड आक्षेप आहे आणि तो कोल्हापुरातच उभा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान केले, ते १९१२ मध्ये खुले झाले. राजघराण्याची खास बाग सर्वसामान्यांच्या कुस्तीसाठी दिली गेली. त्यासाठी कोणतीही सूचनापेटी ठेवली नव्हती, हरकती मागवल्या नव्हत्या. तरी निर्णय चुकला असे कोण म्हणेल? मग चांगला राजा असेल तर विचारण्याची गरज काय?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. महाराजांनी पेटी ठेवली नाही, पण ते स्वतः लोकांत जाऊन बसत. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कुणी घेईना. महाराज मुद्दाम गाडी थांबवून तिथे चहा पीत. आपल्या सूचनापेटीत आणि त्या चहात फरक हा की पेटीपर्यंत लोकांना यावे लागते, चहासाठी महाराज गेले. आमची चूक नेमकी इथे झाली. शिवाय शाहूंसारखे राजे शतकात एखादे. आमच्यासारख्या साध्या माणसांनी न विचारता केले तर काय होते, ते फाटकाजवळ दिसतेच आहे.

दुसरी अडचण मतमोजणीची. समजा, सगळ्यांना विचारले. चाळीस जणांना फुलझाडे हवीत, तिघींना कट्टा. बहुमत फुलझाडांचे. रूसोने १७६२ मध्येच बजावले होते की सगळ्यांच्या इच्छांची बेरीज म्हणजे सर्वांचे हित नव्हे. प्रेषितांच्या काळातही हे घडले. यरुशलेममध्ये रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही, सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले आणि सात जण निवडले गेले. त्या सातांची नावे पाहा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले. हे बहुमताच्या हिशेबात बसत नाही. ज्याला घरी अंगण आहे त्याची फुलझाडांची हौस आणि जिला शहरभर टेकायला जागा नाही तिचा कट्टा, हे एका तराजूत घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच दुखणे दाखवले आहे. शहरांतील सुरक्षित वस्त्यांत नीटनेटकी हिरवळ असते, दुर्लक्षित वस्त्यांत नाही. शहराची आखणी करताना तिथल्या माणसांचा दृष्टिकोन घेतलाच पाहिजे, असेही ते त्यात सांगतात.

आपल्यापैकी काहींना भीती वाटते की सगळ्यांना विचारत बसलो तर बाग कधीच होणार नाही. भीती अगदीच खोटी नाही. एकाला क्रिकेट, दुसऱ्याला शांतता, तिसऱ्याला चारचाकी लावायला जागा. आणि कुणीतरी ग्रीन जिम मागणारच, जरी तिचा वापर बहुधा कपडे वाळत घालण्यासाठी होतो. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत यावर शहाणा मार्ग आहे. महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, अगदी लहानालाही, कारण पुष्कळदा देव त्यालाच चांगले सुचवतो. सर्वांचे ऐकल्यावर निर्णय मात्र मठाधिपतीने घ्यावा. आम्ही त्यात एक भर घालू. ज्याची सूचना मानली नाही त्याला कारण सांगावे. नाही म्हटल्याचे दुःख माणूस सोसतो. आपली चिठ्ठी कुणी वाचली तरी का, ही शंका जास्त खुपते.

राहता राहिले "जागा आपली". कागदोपत्री ती आपलीच आहे. पण २०१९ च्या पुरात आपल्या काही कुटुंबांना गल्लीतल्या तालमीच्या मुलांनी होडीतून बाहेर काढले, हे आपल्याला आठवत असेलच. त्या मुलांची लहान भावंडे आता या जागेवर खेळतात. ती जागा बदलणार असेल तर त्यांना आधी कळले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

म्हणून या वेळी सूचनापेटी नाही. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्याच मोकळ्या जागेत सतरंज्या टाकून बसू. गल्लीतील घरांना धर्मग्राम परिषदेचे सभासद स्वतः जाऊन सांगतील. मुलांशी शनिवारी खेळ संपल्यावर बोलू. भाजीवाल्या मावश्यांना रविवार जमणार नाही, त्यांच्यासाठी बुधवारी दुपारी एक वाजता फाटकाजवळ बसू. बुधवारी ज्या भगिनींना शक्य आहे त्यांनी डबा घेऊन यावे, चहा आमच्याकडे. निर्णय परिषद घेईल. काय मानले, काय नाही आणि का, ते फाटकावरच्या फळ्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले जाईल. जुन्या कट्ट्याचे दगड गोदामामागे पडून आहेत. गवंड्याला दाखवले, बहुतेक शाबूत आहेत असे तो म्हणतो.

आपले धर्मगुरू