मुक्त लेखनाची मुक्तता

'मुक्त लेखक' ही संज्ञा मराठीत रूढ झाली असली, तरी तिच्यातील 'मुक्त' या विशेषणाचा विचार समीक्षेने क्वचितच केला आहे. नोकरीच्या बंधनातून मुक्त, एवढाच तिचा व्यावहारिक अर्थ होय. परंतु नोकरीपासूनची मुक्तता आणि लेखनातील स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकच मानता येतील काय? आणि उपजीविकेसाठी केलेले लेखन केवळ त्या कारणाने नैतिकदृष्ट्या उणे ठरते काय?

दुसऱ्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मराठी वाङ्मयीन संस्कृतीने दीर्घकाळ गृहीत धरले. त्यामागे एक भौतिक वस्तुस्थिती आहे. 'करमणूक' (१८९०) चालविणाऱ्या हरि नारायण आपटे यांच्याकडे आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था होती, वि. स. खांडेकर १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते. लेखनाचे निर्हेतुक पावित्र्य असे अन्यत्र मिळणाऱ्या आधारावर उभे होते. वाङ्मयविचारात मात्र ते लेखकाच्या वृत्तीचा गुण म्हणून मांडले गेले. उलट, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर समीक्षेच्या परिघाबाहेर राहिले. त्यात गुणवत्तेचा निवाडा किती आणि धंदेवाईकपणाविषयीची नावड किती, हे कधी निवडून पाहिले गेले नाही.

अनिल अवचट यांचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. हमाल, विडी कामगार, देवदासी यांच्याविषयीचे त्यांचे लेखन कोणत्याही एका संपादकाच्या अंकित नव्हते. पण या स्वातंत्र्याला डॉ. सुनंदा अवचट यांच्या नोकरीचा आधार होता, हे त्यांनी स्वतःच निःसंकोचपणे नोंदविले आहे. याने त्यांच्या लेखनाचे मोल तिळमात्र कमी होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की लेखकाच्या मुक्ततेची किंमत कोणीतरी चुकती करीत असते. बहुधा ती व्यक्ती मुखपृष्ठावर नसते.

तेव्हा लेखक पैसे घेतो की नाही, हा खरा नैतिक प्रश्न नव्हे. तो नकार देऊ शकतो की नाही, हा आहे. नकाराचे सामर्थ्य केवळ व्यक्तिगत सद्‌गुणातून येत नाही. एका संपादकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे नेता येणे, ही त्याची पूर्वअट आहे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले, तेव्हा एका वाङ्मयीन अभिरुचीचे पीठ गेले, याची चर्चा पुष्कळ झाली. लेखकाला उपलब्ध असलेले एक दार मिटले, ही बाजू दुर्लक्षित राहिली. नियतकालिकांची संख्या घटते तेव्हा लेखकाचा स्वाभिमान तेवढाच राहिला, तरी तो वापरण्याची संधी आक्रसते.

आज दारे पुन्हा वाढलेली दिसतात. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. तेथे भाड्याच्या घरात राहणारा एखादा लेखक एकाच आठवड्यात मुंबईच्या मालिकेचे संवाद, जाहिरातीची संहिता आणि ध्वनिकथेचा भाग लिहू शकतो. पण यातील पुष्कळ मजकुरावर त्याचे नाव नसते. नाव नसलेल्या मजकुराचे श्रेय मिळत नाही, हा त्यातील लहान तोटा. मोठा तोटा असा की त्याची जबाबदारीही कोणाची राहत नाही. स्वाक्षरी ही केवळ प्रतिष्ठेची खूण नसून शब्दांबद्दल उत्तरदायी असल्याची कबुली असते.

येथे कायदा व्यवहारापेक्षा पुढे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची मालकी, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जाते. स्वतंत्रपणे लिहिणारा मात्र आपल्या साहित्यकृतीचा प्रथम स्वामी असतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांत समाविष्ट झालेल्या लेखनाच्या काही वापरांसाठी लेखकाला स्वामित्वधनाचा समान वाटा दिला आणि तो सोडून देण्याचे करारही अग्राह्य ठरविले. कायदा ज्याला स्वामी मानतो, त्याला व्यवहारात मजुरासारखे वागविले जाते, कारण सही करताना नकार देण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते.

भालचंद्र नेमाडे यांनी 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असे विचारून प्रतिष्ठेच्या मोहावर बोट ठेवले. लेखकाचा मजूर का होतो, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. वेतनाच्या सुरक्षिततेतून लिहिणाऱ्या विद्यापीठीय समीक्षेला तो टाळता येणार नाही. विनामानधन लेखनाला निष्ठेचे नाव देण्याची प्रथा तिनेही पोसली आहे. लेखकाकडून निर्भयतेची अपेक्षा करणाऱ्या समाजाने त्या निर्भयतेच्या खर्चातील आपला वाटा मान्य करणे, हे औदार्य नव्हे. ते ऋण आहे.