मागची पंगत

नागभीडकडच्या एका गावात धानाच्या बांध्या असलेलं एक घर होतं. सासरा, सासू, दोन मुलगे आणि थोरल्याची बायको. सून वैनगंगेपलीकडची, आरमोरीची. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तिची पाळी चार-चार महिने येईना. हनुवटीवर केस दिसू लागले, मानेवर काळपट पट्टा आला, तो घासूनही जाईना. ती कुणाला बोलली नाही. बायांनी असली दुखणी बोलायची नसतात, असा आपल्याकडे जुना दंडक. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या, तेव्हा शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला होता. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, जगभर गाजलं. दंडक मात्र अजून घराघरात टिकून आहे.

शेवटी ब्रह्मपुरीला सोनोग्राफी झाली. अंडाशयात बारीक पुटकुळ्यांची माळ आणि यकृतावर चरबी. सासूने निकाल देऊन टाकला, "बसून खाते, म्हून सुटली."

नवरा बिचारा मायेचा. त्याने मोबाइलवर पाहून केटोचा तक्ता उतरवून घेतला. भात बंद, बदाम, पनीर, अवाकाडो चालू, शिवाय नागपूरहून मागवलेला पावडरचा डबा. आता अवाकाडो नागभीडच्या बाजारात कुठून येणार? बदाम महिन्याच्या आत संपले, पनीर परवडेना. सून काकडी आणि काळ्या चहावर रोवण्याला जाऊ लागली, आणि एका दुपारी चक्कर येऊन बांधीतल्या चिखलातच बसली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी तो तक्ता बाजूला सारला आणि विचारलं, "तुमच्या घरी आधी कोण जेवतं?"

असं कुणी विचारेल हे सुनेच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्या पंगतीला सासरा आणि मुलगे, मग सासू, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी ती. घरात खायला नव्हतं असं मुळीच नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मरळ यायची, झिंगे यायचे. परसात वाल, अंबाडी. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते, नशीब असलं तर सात्यांची अळंबी. पण कालवणातल्या मोठ्या फोडी पहिल्याच पंगतीत उठत. सासूच्या ताटात शेपटाची फोड. सुनेच्या वाट्याला रस्सा. वरणाची तीच तऱ्हा: पळी तळाशी घालून दाट ते पुढे वाढलेलं, मागे उरायचं पिवळं पाणी. न संपणारा असा एक भातच होता. पोट त्यानेच भरायचं, सकाळी फोडणीचा, दुपारी, रात्री. मधे चार वेळा गोड चहा.

बाईंनी हिशेब मांडला. दिवसाचा चारशे ग्रॅम तांदूळ धरला तरी तीनशे ग्रॅमच्या वर पिष्ट, साखर वेगळी. एवढं पचवायला शरीर इन्सुलिन सोडत राहतं. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की आणखी सोडतं. ते वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं तयार करायला लावतं, म्हणून पाळी अडते आणि हनुवटीवर केस येतात. उरलेल्या पिष्टाची यकृत चरबी करून ठेवतं. "भात सोडू नको, अर्धा कर. पण अर्ध्याच्या जागी मासा, अंडं, दाट वरण, भाजी यायला पाहिजे. पाच-सहा किलो उतरले तरी फरक दिसेल. पण हे तुझ्या एकटीच्या हातचं नाही. पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन ये."

इथे थोडं भाताच्या बाजूने बोलतो, कारण त्याला शिव्या देणारे हल्ली फार झालेत. याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 साली शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या वेचल्या आणि त्यातून बारीक, चवदार वाण घडवलं. व्यापाऱ्याने त्याला घड्याळावरून एचएमटी नाव दिलं. ज्या धानावर इथली घरं उभी राहिली, त्याला विष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सासू कुरकुरत आली. आलीच आहे तर हिचंही रक्त बघू, पोट बघू, असं बाई म्हणाल्या. साखर वाढलेली आणि यकृतावर चरबी.

"मी त हाडाची काडी. मले कायची चरबी?"

बारीक माणसालाही होते, आपल्या देशात बऱ्याच जणांना होते, असं बाईंनी सांगितलं. उभा जन्म बांधीत वाकून काढलेली बाई ही. ‘बसून खाते’ हे तिला कोण म्हणणार? परतीच्या एसटीत ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही. सून येण्याआधी वीस-बावीस वर्षं चुलीपाशी शेवटी जेवत होती ती हीच.

त्या आठवड्यात मरळ आली. सासूने कालवण उतरवलं, सुनेचं ताट घेतलं, त्यात दोन फोडी आणि मूठभर भात वाढला, झाकून फडताळात ठेवलं. मग स्वतःचं. मग पंगत बसली.

"काऊन वो, आज फोडी कमी?" सासऱ्याने विचारलं.

"कमी नाईत. पाच मानसं, दहा फोडी."

धाकटा दोन दिवस फुगून बसला. गावात बोलणं झालं, सासू सुनेच्या मुठीत गेली म्हणून. वरण ढवळून वाढायची रीत पडली, चहातली साखर अर्धी झाली, पावडरच्या रिकाम्या डब्यात जवसाची चटणी राहू लागली. दोघींच्या गोळ्या सुरूच होत्या. सुनेची पाळी दिवाळीला आली, मग दोन महिने दडी मारून बसली, मग सलग तीनदा आली. वजन सहा किलो उतरलं. मानेवरचा पट्टा फिका झाला, गेला नाही.

सासऱ्याचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत एकच, की दुखणं बायांचं, अन् भात माझा कमी!

"वाढतो ना," सासू म्हणाली आणि भाताची परात जवळ ओढली. "खा पोटभर. सोमवारी ब्रह्मपुरीले जाऊन तुमचंबी पोट दाखवून येऊ."

सासऱ्याने ताटावर हात आडवा धरला.