नावावरची जमीन

बोरगाव मेघेत वर्धा शहर कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, हे आता बोट दाखवून सांगता येत नाही. पऱ्हाटी-तुरीच्या वावरात चुन्याच्या रेषा पडतात, सिमेंटचे खांब उभे राहतात, लेआउटचा फलक लागतो. ही सरकती रेषा पाहिली की मला दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला नेब्रास्काचा शेतकरी आठवतो. तोही अशाच रेषेवर राहत होता. फक्त तिथे नांगर पुढे जात होता, इथे तो मागे हटतो आहे.

वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला १८६२ साली. त्याच वर्षी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली: १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथे राहा, पेरा, मग जमीन तुमच्या नावावर. झाड नाही अशा माळावर माणसांनी गवताच्या मुळांसकट माती कापून तिची घरं रचली. सरपण नव्हतं म्हणून बाया बायसनचं वाळलेलं शेण गोळा करून चूल पेटवत. आपल्याकडे गोवऱ्या थापणाऱ्या बाईला ते जिणं वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

त्या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. जो राहील, राबेल, त्याची जमीन. पण ज्या माळावर हा न्याय झाला, तिथे पॉनी आणि ओटो हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत, मका पेरत होते. त्यांचं राहणं कुणी मोजलं नाही; त्यांना दक्षिणेकडे हलवलं गेलं. म्हणजे राबण्याला मोल होतं, पण कुणाचं राबणं धरायचं हे आधीच ठरलेलं होतं.

आपल्याकडे त्याच दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमिनीची मालकी मालगुजारांना दिली. सारा गोळा करणारा मालक झाला आणि वखर धरणारा कूळ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला भाव चढला. पण ज्या वावरातून तो कापूस आला, त्याच्या मालकीच्या रकान्यात वेचणाऱ्याचं नाव नव्हतं. १९५१ साली मालगुजारी संपली, तोवर राबणाऱ्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या होत्या.

आणि बाई? होमस्टेडमध्ये विधवेला किंवा एकट्या राहणाऱ्या सज्ञान स्त्रीला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत असे. लग्न झालेलीला सहसा नाही. तिचं राबणं नवऱ्याच्या नावात जमा होई. आपल्याकडे निंदण, वेचणी, बियाणं राखणं हे सगळं बाईच करत आली, आणि सातबारा बहुतेक पुरुषाच्याच नावाचा. १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. कायद्याची वाट न पाहता, आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा, असं त्यांनी शेतकऱ्यालाच सांगितलं. अनेकांनी तसं केलं. शेतकऱ्याच्या चळवळीने स्वतःच्या घरात डोकावून पाहण्याचं धैर्य दाखवलं, याचं मला फार मोल वाटतं. एकट्या मर्दाने माळ जिंकल्याच्या अमेरिकन गोष्टीत मला हेच धैर्य सापडत नाही.

आता बोरगावात तिसरीच तऱ्हा दिसते. प्लॉट ज्याच्या नावावर, तो तिथे राहतच नाही. वर्षानुवर्षं पडीक जागेत गाजरगवत माजतं. होमस्टेडवाल्याने पाच वर्षं पडीक ठेवलं असतं, तर त्याचा दावाच गेला असता. इथे पडीक ठेवणाऱ्याचाच भाव वाढतो. वावर विकणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पोरांची शिक्षणं आणि डोक्यावरचं कर्ज कापसाच्या भावात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विकताना त्याच्या घरातल्या बाईला कुणी विचारलं का, हे मला विचारावंसं वाटतं.

आपल्या भागात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. सीता म्हणजे नांगराची चर. वेचायला आलेल्या बाया कापसासाठी कमरेला ओटे बांधायच्या आधी वावराला दहीभात वाहतात. चुन्याच्या रेषेला लागून उरलेल्या वावरात तो दहीभात अजून पडतो, आणि रेषेपलीकडच्या रिकाम्या प्लॉटला कुणीच काही वाहत नाही.